शिक्षा संपली, दंड उरला

तुरुंगातून न्यायालयाच्या नावाने जे अर्ज येतात त्यांपैकी एका अर्जाचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. मी गरीब मजूर आहे, घरी कमावते कोणी नाही, शिक्षा भोगून होत आली आहे, दंडाची रक्कम भरण्याची ऐपत नाही, तरी मेहेरबान न्यायालयाने दंड कमी करावा ही विनंती. खाली अंगठा किंवा कशीबशी केलेली सही आणि तिच्याखाली तुरुंग अधीक्षकांचा शिक्का. ज्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली त्याच न्यायालयाकडे हा अर्ज जातो, कारण कैद्याला माहीत असलेले न्यायालय तेवढे एकच. आणि बहुधा एका ओळीचा शेरा मारून तो निकालात निघतो: या न्यायालयास अधिकार नाही, सबब अर्ज नामंजूर.

हा शेरा वाचून कार्यकर्ते चिडतात. न्यायाधीशाला दया नाही, असे म्हणतात. आमचे म्हणणे असे की येथे प्रश्न दयेचा नाही, अधिकारक्षेत्राचा आहे. आणि तो नीट समजून घेतला नाही तर आपण पुढची दहा वर्षेही चुकीच्या दारावर धडका देत राहू.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६२ असे सांगत होते की निकालपत्रावर एकदा सही झाली की त्या न्यायालयाला लेखनातील किंवा आकडेमोडीतील चूक दुरुस्त करण्यापलीकडे त्या निकालाला हात लावता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. नाव बदलून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता झाले, कलमाचा आकडा ४०३ झाला, आशय तोच राहिला. सही झाली की न्यायाधीशाचे त्या प्रकरणातले काम संपते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये स्पष्ट केले आहे की उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा आडोसा घेऊनसुद्धा ही बंदी ओलांडता येत नाही. तेव्हा ‘साहेब, माझी ऐपत नाही’ हे वाक्य कितीही खरे असले तरी सही झाल्यावर त्या खोलीत त्याला किंमत उरत नाही.

या नियमात तसे गैर काही नाही. निकाल रोज बदलता येऊ लागले तर त्याचा फायदा गरिबाला होणार नाही, वशिलेवाल्याला होईल. पण नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, आणि दंडाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

दंडाची रचना पाहा. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ६३ ते ७० मध्ये ती घालून दिली होती. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये ती एकत्र केली आहे. दंड भरला नाही तर कैद. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही सांगितले आहेत, तेथे दंडापोटीची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे दंडापोटी फार तर नऊ महिने. ही कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही, ती संपल्यावर सुरू होते. एका माणसाला एक वर्ष कैद आणि पाच हजार दंड, दंड न भरल्यास आणखी तीन महिने, अशी शिक्षा झाली आणि त्याच गुन्ह्यात त्याच्या शेजारच्या माणसालाही तशीच झाली, असे धरा. पहिल्याच्या भावाने पाच हजार भरले. दुसऱ्याला भाऊ नाही, किंवा आहे पण तो ऊसतोडीला गेला आहे. पहिला एका वर्षाने घरी गेला, दुसरा सव्वा वर्षाने. जादाचे तीन महिने कोणत्या गुन्ह्याचे? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात म्हटले की दंडापोटीची कैद ही खऱ्या अर्थाने शिक्षाच नव्हे, ती पैसे न भरल्याबद्दलची आकारणी आहे. त्या प्रकरणात अमली पदार्थांच्या कायद्याखाली एक लाख दंड आणि तो न भरल्यास तीन वर्षे असा हुकूम होता. न्यायालयाने ती तीन वर्षे सहा महिन्यांवर आणली. माणूस दहा वर्षे आत काढून लाख रुपये आणणार कोठून, एवढा साधा प्रश्न विचारायला त्याला दिल्लीपर्यंत जावे लागले.

याहून जाचक भाग दुसराच आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून जे दिवस तुरुंगात गेले ते शिक्षेतून वजा होतात. जुने कलम ४२८, नवे ४६८. पण त्याच कलमाच्या शब्दांत अपवाद घातलेला आहे: दंड न भरल्याबद्दलच्या कैदेला ही वजावट नाही. जामीनदार नाही म्हणून एखाद्याने खटल्याआधीच वर्षे काढली आणि नंतर शिक्षा त्याहून कमी लागली, तरी जास्तीचे दिवस दंडाच्या खात्यात जमा होत नाहीत. गरिबी त्याला दोनदा भोवते. आधी जामिनाला पैसे नाहीत म्हणून, मग दंडाला पैसे नाहीत म्हणून. त्यात निरनिराळ्या कलमांखाली निरनिराळे दंड असतील तर त्यांच्यापोटीच्या कैदा एकत्र भोगता येत नाहीत, एकापाठोपाठ एक भोगाव्या लागतात. आपल्याच राज्यातील मोक्काच्या एका प्रकरणात, शरद हिरू कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले. मोक्कात दंडाची किमान रक्कमच कित्येक कलमांत पाच लाख आहे, तेथे खालच्या न्यायालयाने रक्कम कमी करायची म्हटली तरी कायदा ती करू देत नाही. म्हणून न्यायालयाने रकमेऐवजी दंडापोटीच्या कैदेची मुदत कमी केली.

ही माणसे कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या तुरुंगविषयक अहवालात शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी २१.७ टक्के अनुसूचित जातींचे आणि १३.६ टक्के अनुसूचित जमातींचे होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील त्यांचा वाटा अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के आहे. दंड न भरल्याने किती जण अडकून आहेत याचे जातवार कोष्टक आम्ही मांडत नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही, पतपेढीत नाव नाही, दारात उभे करायला जामीनदार नाही, त्यांच्या वाट्याला हे येणार हे कळायला कोष्टक लागत नाही.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दंड भरू न शकणाऱ्यांसाठी एक व्यवस्था आहे. क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र यांनी दंडाची रक्कम अंगमेहनतीने फेडावी. ब्राह्मणाने ती हप्त्याहप्त्याने द्यावी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळले गेले, त्यातली ही तरतूद. आज कायद्यापुढे सर्व समान आहेत, जात पाहून हप्ते मिळत नाहीत, हे खरेच. पण हप्ते कोणाला मिळतात ते पाहिले पाहिजे. जुन्या संहितेचे कलम ४२४, नवे ४६४, यात न्यायालय दंड भरायला तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. मात्र ही सवलत ज्याला केवळ दंडाची शिक्षा झाली आहे त्याला, किंवा ज्याला रक्कम देण्याचा असा हुकूम झाला आहे की ती वसूल न झाल्यास कैद देता येते, त्याला. कैद आणि दंड अशी दुहेरी शिक्षा झालेला, म्हणजे आत बसलेला माणूस या कलमाच्या दारात उभाच राहू शकत नाही. बाहेर असलेल्याला हप्ते आणि आत असलेल्याला अंगमेहनत. घटनेच्या कलम १४ नंतरही ही वाटणी कायद्याच्या पुस्तकात शिल्लक आहे, याकडे आपल्या आमदार-खासदारांचे लक्ष वेधले पाहिजे.

हा पेच केवळ आपल्याकडे आहे असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोषी ठरलेल्या प्रत्येकावर भरपाई निधीसाठी एक दंड बसतो. गंभीर गुन्ह्यात तो तीनशे ते दहा हजार डॉलर. कैद्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून आणि घरून आलेल्या पैशातून तो कापला जातो. तेथेही शिक्षा सुरू झाल्यावर कैद्यांनी दंड कमी करण्याचे अर्ज केले आणि २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की शिक्षेची अंमलबजावणी सुरू झाल्यावर खालच्या न्यायालयाचा अधिकारच संपतो, आणि असा अर्ज फेटाळला म्हणून त्यावर अपीलही चालत नाही. पुढे २०१९ मध्ये एका बेघर, अपंग आईच्या प्रकरणात तिथल्याच एका न्यायपीठाने ऐपत न तपासता दंड वसूल करणे अन्यायाचे ठरवले. इतर न्यायपीठांनी ते मानले नाही. शेवटी कायदेमंडळाने २०२४ मध्ये कायदा करून दहा वर्षांनंतर उरलेला दंड वसूल करता येणार नाही असे ठरवले. तेथे निदान कायदेमंडळाला हात घालावासा वाटला.

आता एक आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. गुन्हेगाराचा दंड कमी करा म्हणता, मग ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? अत्याचाराच्या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात गावचा सधन शेतकरी असतो आणि दंडाच्या रकमेतून फिर्यादीला भरपाई द्यावी असा हुकूम होतो. तेथेही तुम्ही दंड कमी करणार का?

आमचे उत्तर सरळ आहे. ऐपत पाहायची म्हणजे दोन्ही बाजूंनी पाहायची. दहा एकर बागायत असलेल्याला पाचशे रुपये दंड ही न्यायाची थट्टा आहे, आणि वीटभट्टीवरच्या मजुराला पंचवीस हजार ही दुसऱ्या प्रकारची थट्टा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सरवन सिंग प्रकरणात आणि १९८८ मध्ये हरी सिंग प्रकरणात भरपाई ठरवताना आरोपीची देण्याची ताकद पाहण्याचे बजावले. २०१३ मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात तर असे म्हटले की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार न्यायालयाने केलाच पाहिजे, आणि त्यासाठी आरोपीच्या ऐपतीची चौकशी व्हायला हवी. त्याच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये, तामिळनाडूतील एका जन्मठेपेच्या कैद्यावर उच्च न्यायालयाने लादलेला वीस हजारांचा दंड सर्वोच्च न्यायालयाने तीन हजारांवर आणला होता. म्हणजे तत्त्व जुने आहे. ते खालच्या न्यायालयांत उतरत नाही, ही खरी तक्रार. दंड किती आणि का, यावर निकालपत्रात स्वतंत्र ओळ सापडणे दुर्मीळ. आकडा एखाद्या ठराविक दराने लिहिल्यासारखा येतो.

शिवाय पीडिताची भरपाई आरोपीच्या खिशावर सोडून देणे हे पीडितासाठीही घातक आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून काय मिळणार? भरपाई देणे ही राज्याचीही जबाबदारी आहे. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आले, आता ते ३९६ आहे. महाराष्ट्रात बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, २०१४ पासून पीडित भरपाई योजना आहे, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांखाली मिळणारे अर्थसाहाय्य वेगळे. मजुराला तीन महिने जास्त डांबल्याने पीडिताच्या हातात एक रुपयाही पडत नाही.

मग दारे कोणती? पहिले दार निकालाच्या दिवशीचे, आणि ते सर्वांत मोठे. दोषी ठरवल्यावर शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घेतले पाहिजे, असे कायदाच सांगतो. सत्र खटल्यात जुने कलम २३५(२), नवे २५८(२). ही सुनावणी दोन मिनिटांत उरकते. वकील ‘कमीत कमी शिक्षा द्यावी’ म्हणतो आणि बसतो. आमच्या मते त्या दोन मिनिटांतच शिधापत्रिका, रोजंदारीचा पुरावा, घरातील खाणारी तोंडे, भूमिहीन असल्याचा तलाठ्याचा दाखला कागदावर आला पाहिजे. दंड आणि दंडापोटीची कैद या दोन्हींवर वेगळे बोलले पाहिजे. सही होण्याआधीचा तो क्षण गेला की त्या न्यायालयाचे दार बंद होते. जे वकील चळवळीतून आले आहेत त्यांनी तरी हे दोन मिनिटांचे काम वीस मिनिटांचे करावे.

दुसरे दार अपिलाचे. मुदत सत्र न्यायालयासाठी तीस दिवस आणि उच्च न्यायालयासाठी साठ दिवस. उशीर झाला तर कारण देऊन माफ करून घेता येतो. कैदी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. अपिलात दंडाची रक्कमही कमी होऊ शकते, दंडापोटीची मुदतही, आणि अपील चालू असेतो दंडाच्या वसुलीला स्थगितीही मागता येते. येथे एक गैरसमज फार पसरला आहे. गुन्हा कबूल केला म्हणजे अपील नाही, असे कैद्यांना सांगितले जाते. लवकर सुटका होईल या आशेने गरीब माणूस कबुली देतो, आणि मग दंड ऐकून हबकतो. खालच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला तरी शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरते अपील चालते. जुने कलम ३७५, नवे ४१६. अगदी किरकोळ शिक्षा सोडल्या तर हे दार उघडे आहे. आणि दंडापोटीची कैद एक चतुर्थांशाच्या मर्यादेबाहेर गेली असेल तर ती बेकायदाच आहे. निकालपत्र हातात घेऊन हा हिशेब कोणताही कार्यकर्ता करू शकतो.

तिसरी गोष्ट न्यायालयाशी संबंधित नाही, पण तुरुंगाच्या फाटकापाशी रोज उपयोगी पडणारी आहे. दंड पूर्ण भरलाच पाहिजे असे नाही. जुने कलम ६९ सांगत होते आणि नवा कायदाही सांगतो की दंडाचा जेवढा हिस्सा भरला जाईल तेवढ्या प्रमाणात कैद कमी होते. दहा हजार दंड, न भरल्यास चार महिने. महिना काढल्यावर घरच्यांनी साडेसात हजार भरले तर तीन महिने सुटले आणि माणूस त्याच दिवशी बाहेर. पूर्ण रक्कम जमत नाही म्हणून काहीच न भरणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

चौथे दार सरकारचे. शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला जुन्या कलम ४३२ खाली होता, आता ४७३ खाली आहे. राज्यपालांना घटनेच्या कलम १६१ खाली आहे. न्यायालयाचा हात जेथे बांधलेला असतो तेथे सरकारचा मोकळा असतो. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त केंद्राने जी विशेष माफी योजना आखली तिच्यात, शिक्षा भोगून झाली पण दंड न भरल्यामुळे आत असलेले गरीब कैदी, असा एक स्वतंत्र गट होता आणि त्यांचा दंड माफ करून सुटका करावी असे सांगितले होते. पण ती १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची कृपा होती. मार्चमध्ये शिक्षा संपणाऱ्याने काय करायचे?

२०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांना साहाय्य ही योजना आणली. जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत देता येईल असे तेव्हा ठरले. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंगाची जबाबदारी असलेले न्यायाधीश यांची समिती प्रकरण मंजूर करते. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँड्रिंग आणि यूएपीएचे आरोपी तिच्यातून वगळले आहेत. योजना कागदावर चांगली आहे. पण समितीपुढे नाव जाण्यासाठी आतून कोणीतरी ते पाठवावे लागते, आणि बाहेर पाठपुरावा करणारे कोणी नसेल तर फाईल तेथेच राहते. सरकारने एका खात्यातून दंड लावायचा आणि दुसऱ्या खात्यातून तो भरायचा, यातला विनोदही लक्षात घेण्यासारखा आहे. त्याऐवजी संहितेत एक छोटी दुरुस्ती का होऊ नये? दंडापोटीची कैद सुरू होण्याआधी कैद्याला न्यायालयापुढे एकदा उभे करावे, ऐपतीची चौकशी व्हावी, आणि एवढ्यापुरता दंड, हप्ते किंवा मुदत बदलण्याचा अधिकार त्या न्यायालयाला असावा. बाकी निकालाला हात लावू नये.

ती दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक जिल्ह्यातील दोन-तीन वकील आणि पाच-सहा कार्यकर्ते एवढे करू शकतात: महिन्यातून एकदा तुरुंगात जाऊन, येत्या तीन महिन्यांत ज्यांची मूळ शिक्षा संपते आणि दंड बाकी आहे अशांची यादी मागून घ्यायची. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि तुरुंगात असलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. निकालपत्राची प्रतही कैदेची शिक्षा झालेल्याला फुकट मिळते. ती बहुतेकांच्या गाठोड्यात घडी करून ठेवलेली असते. यादी करताना आधी तीच मागून घ्यावी आणि शेवटच्या पानावरचा दंडाचा परिच्छेद वाचावा.